अब्जावधी वर्षांपूर्वीच्या गॅमा किरण स्फोटांचा अभ्यास करून काय मिळतं? भारतात असं संशोधन होतं का?

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. हो, होतं, आणि त्यातलं बरंचसं काम पुणे-मुंबईत आणि नारायणगावजवळच्या खोडदला चालतं. मी जुन्नर तालुक्यात फिजिक्स शिकवते. दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गॅमा किरण स्फोट म्हणजे अवकाशातून अचानक येणारा, थोड्याच वेळात संपणारा गॅमा किरणांचा, म्हणजे अतिशय जास्त ऊर्जेच्या प्रकाशाचा लखलखाट. हे स्फोट सापडले तेच अपघाताने. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर कोणी अवकाशात चोरून अणुचाचणी करतंय का, यावर नजर ठेवायला अमेरिकेने वेला उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांच्यावर गॅमा किरणांचा एक झोत नोंदला गेला, पण तो बॉम्बसारखा नव्हता. असे आणखी झोत मिळत गेले आणि ते बाहेरून, खोल अवकाशातून येतात हे १९७३ मध्ये जाहीर झालं. त्यानंतर पुढची जवळपास पंचवीस वर्षं शास्त्रज्ञ एकाच गोष्टीवर भांडत होते: हे आपल्याच आकाशगंगेत घडतं की तिच्या कितीतरी पलीकडे? कारण झोत काही सेकंदांत संपतो आणि तो नेमका कुठून आला ते कळत नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स या उपग्रहाला एका स्फोटाच्या जागी क्ष-किरणांचा विझत जाणारा उजेड दिसला. त्यालाच आफ्टरग्लो म्हणतात. त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या एका स्फोटाच्या आफ्टरग्लोवरून अंतर काढता आलं आणि ते अब्जावधी प्रकाशवर्षं निघालं. भांडण मिटलं.

मग ऊर्जेचा हिशोब मांडला गेला. आपला सूर्य त्याच्या उण्यापुऱ्या १००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकेल, साधारण तेवढी हे स्फोट काही सेकंदांत टाकतात. तीही सगळीकडे नाही, दोन अरुंद झोतांतून, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत अशी परिस्थिती तयार करता येणार नाही. पदार्थ, चुंबकीय क्षेत्र आणि गुरुत्वाकर्षण टोकाला गेल्यावर कसे वागतात, हे पाहायचं तर निसर्गाने केलेला प्रयोगच गाठावा लागतो. माझ्या मते अभ्यासाचं पहिलं कारण हेच.

आता झोत कशामुळे तयार होतो, त्यातलं चुंबकीय क्षेत्र शिस्तीत असतं की विस्कटलेलं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. इथे आपल्या अॅस्ट्रोसॅटचं काम मला फार आवडतं. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेल्या या उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, ते बनवण्यात मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा. त्यात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे जेमतेम अडीच मिलिमीटरचे सोळा हजारांवर चौकोन बसवलेत. गॅमा फोटॉन एका चौकोनात शिरतो, थोडी ऊर्जा तिथे देतो आणि विखुरला जाऊन शेजारच्या चौकोनात थांबतो. दोन्हींची नोंद एकाच वेळी होते. डावीकडे-उजवीकडे जास्त गेले की वर-खाली, हे मोजलं की पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते, कळतं, आणि त्यावरून झोतातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. बारावीत शिकवलेलं पोलरायझेशन इथे अब्जावधी प्रकाशवर्षांवर वापरलं जातंय! शिवाय १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंतींतूनही आत येतात, त्यामुळे दुर्बीण दुसरीकडे रोखलेली असली तरी बाजूने आलेला स्फोट सुटत नाही. काम सुरू झालं त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ ला, त्याने पहिला स्फोट पकडला. आता ती संख्या ५०० च्या पुढे गेली आहे.

खोडदच्या जीएमआरटीचं, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप या रेडिओ दुर्बिणीचं काम वेगळं आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना रेडिओ लहरी टिपतात. गॅमा किरण सेकंदांत संपतात, पण रेडिओतला आफ्टरग्लो महिनोन्‌महिने टिकतो. २९ मार्च २००३ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो जीएमआरटीने तीन वर्षांनंतरही टिपला. इतक्या काळात झोत मंदावून पसरलेला असतो, म्हणून तो आपल्याकडे रोखलेला होता की नाही याची पर्वा न करता एकूण ऊर्जा मोजता येते. सुरुवातीच्या झगमगाटात हे जमत नाही. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी लोकांना पाहता येतं, नक्की जा. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की जवळचा फोन त्यांना सहज बुडवतो.

धोक्याची काळजी असेल तर सोडून द्या. ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट आजवर नोंदलेल्यांत सर्वांत तेजस्वी होता, त्याने आपल्या आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ उडवली, आणि आपल्याला कोणाला काही कळलंही नाही.

दुसरं कारण थेट आपल्या अंगावरच्या दागिन्यांशी येऊन भिडतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीतून गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, आल्या आणि पावणेदोन सेकंदांनी छोटा गॅमा किरण स्फोट दिसला. १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या जागी मागे राहिलेल्या उजेडाच्या वर्णपटावरून, सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत तयार होतात याचा भक्कम पुरावा मिळाला. अमेरिकेतले लायगोचे दोन आणि इटलीतला व्हर्गो, अशा गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या तीन डिटेक्टरांनी मिळून आकाशातली जागा बरीच आटोक्यात आणली, म्हणून अकरा तासांत दुर्बिणींना ती सापडली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारा लायगो-इंडिया नेमका इथेच उपयोगी पडेल. २०२३ मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळाली. इतक्या दूरच्या देशात आणखी एक डिटेक्टर असला की आकाशातला शोधायचा तुकडा लहान होतो, आणि लडाखमधल्या हानलेसारख्या ठिकाणच्या दुर्बिणी उजेड विझायच्या आत तिथे वळवता येतात.