जपानी भागीदार मीटिंगमध्ये माना डोलावतात, मग होकार यायला महिने का लागतात?

मी पुण्यात जपानी दुभाषी म्हणून वाहन उद्योगातल्या मीटिंगांना बसतो. तुम्ही लिहिलंय की जपानी साहेब तुमच्या प्रेझेंटेशनला तासभर माना डोलावत होते आणि दोन महिने झाले तरी उत्तर नाही. तुम्हाला कुणी टोलवत नाहीये. त्यांच्याकडे मीटिंग ही निर्णयाची जागाच नव्हे. साखरपुड्याच्या दिवशी कुणी पसंती विचारत नाही, तसंच. संबंधित माणसांशी एकेकट्याने आधीच बोलून ठेवायचं, याला ते नेमावाशी म्हणतात.

मग कागद फिरतो. रिंगिशो नावाचा प्रस्ताव बहुधा खालचाच कर्मचारी लिहितो. तो काचो म्हणजे सेक्शनप्रमुख, मग बुचो म्हणजे विभागप्रमुख, वाटेत शेजारचे विभाग, असं करत वर चढतो. प्रत्येकाच्या नावाचा चौकोन, त्यात तांबडा हांको, म्हणजे शिक्का. काही बँकांत तर कनिष्ठाने आपला शिक्का जरा तिरका मारायचा, साहेबाच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा! कोरोनाकाळात लोक निव्वळ शिक्क्यासाठी ऑफिस गाठत होते. 2020 मध्ये मंत्री तारो कोनो यांनी सरकारी खात्यांतून हांको हटवायची मोहीमच काढली. आता बऱ्याच ठिकाणी रिंगिशो स्क्रीनवर फिरतो, पण मंजुऱ्या घ्याव्या लागतातच.

याचं खापर सामुराई आणि झेनवर फोडणारे लेख मला पटत नाहीत. मुळाशी नोकरीची पद्धत आहे. 1950 साली टोयोटात कपातीवरून मोठा संघर्ष पेटला. सुमारे दोन हजार कामगार गेले, आणि कंपनी उभी करणाऱ्या किइचिरो तोयोदांनाही अध्यक्षपद सोडावं लागलं. असे संप सोसल्यावर मोठ्या कंपन्यांत कायम माणसाला सहसा काढायचं नाही, हा अलिखित करार रुजला. दर एप्रिलला ताजे पदवीधर एकत्र भरती होतात आणि पुष्कळसे निवृत्तीपर्यंत तिथेच राहतात. ज्याच्यासोबत तीस-पस्तीस वर्षं काढायची, त्याला चारचौघांत तोंडघशी कोण पाडेल?

यात एक गोम आहे. इतके शिक्के असल्यावर प्रकल्प फसला तर जाब कुणाला विचारायचा, हेच कळत नाही. मात्र होकार आला की काम झपाट्याने सुटतं, कारण अडवू शकणाऱ्या प्रत्येकाने आधीच मान्यता दिलेली असते.

पुढच्या वेळी मीटिंगच्या आठवडाभर आधी काचोला मसुदा पाठवा. खर्च, रिजेक्शनचे आकडे, माल वेळेत आला नाही तर काय करणार, सगळं त्यात घाला. वरून येणाऱ्या प्रश्नांना त्यालाच तोंड द्यायचंय. वैतागून त्याला डावलून थेट बुचोला मेल तेवढा टाकू नका. तो मेल फिरून काचोकडेच येईल, आणि रिंगिशो तर त्याच्याच सेक्शनमधून निघायचाय.