तळाला चिकटलेल्या त्या लांबट पेशी कोण?

प्रश्न: ताई, मी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीतून टी सेल्स (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढवतेय. बारीक तुकडे, २४ खळग्यांची (वेल्सची) प्लेट, मीडियात म्हणजे पोषक द्रवात आयएल-२ हे टी सेल्स वाढवणारं प्रथिन. बाराव्या दिवशी बघते तर तळाला लांबट टोकदार पेशी चिकटल्यात, आणि वर तरंगणाऱ्या पेशींच्या फ्लोमध्ये (पेशींवरच्या खुणा अँटिबॉडी लावून बघायची तपासणी) सीडी३ ही टी सेलची खूण निगेटिव्ह, सीडी५६ ही दुसरी खूण पॉझिटिव्ह असा एक गट आलाय. सीनियर म्हणतात कंटॅमिनेशन आहे, बाहेरचं काहीतरी शिरलंय, टाकून दे. टाकू का?

उत्तर: अगं थांब, टाकू नकोस! पेशंटच्या गाठीचा तेवढाच तुकडा असतो, परत कुठून आणणार. आणि मला तरी या दोन वेगळ्या गोष्टी वाटतायत.

टी सेल्स गोल असतात, वाढायला लागल्या की द्राक्षाच्या घोसासारखे पुंजके करतात आणि प्लेटला हलकेच टिचकी मारली की ते पुंजके हलतात. तुझ्या लांबट पेशी जागच्या हलत नसतील तर त्या बहुतेक फायब्रोब्लास्ट (गाठीचा आधार बनवणाऱ्या पेशी), तुकड्यातूनच सरकत बाहेर आलेल्या. थोड्या सोडवून सीडी४५ या पांढऱ्या पेशींच्या खुणेची अँटिबॉडी लाव, फायब्रोब्लास्टवर तो नसतो, कॅन्सरच्या पेशींवरही नसतो, म्हणून सोबत एपकॅम ही कॅन्सरच्या पेशींवरची खूण लाव. मॅक्रोफेजही (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) चिकटतात पण त्यांच्यावर सीडी४५ आणि सीडी१४ दोन्ही असतात.

आता तो दुसरा गट. एनके सेल्स (नॅचरल किलर, सीडी५६ ही ज्यांची नेहमीची खूण) असण्याची शक्यता भरपूर आहे, कारण आयएल-२ वर त्याही जोमाने वाढतात. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या टीमने १९८८ साली मेलानोमाच्या गाठीतल्या टी सेल्स पेशंटना दिल्या, पण त्याच्या आधी ते रक्तातल्या पेशी आयएल-२ मध्ये वाढवून द्यायचे आणि त्या पेशींची कॅन्सर मारायची ताकद बरीचशी एनकेचीच होती. पण नुसत्या सीडी५६ वर शिक्का मारू नकोस, मेलेल्या पेशींना कुठलीही अँटिबॉडी चिकटते, त्यामुळे मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा लाइव्ह-डेड डाय हवाच, आणि महत्त्वाचं म्हणजे तू ओकेटी३ (सीडी३ला चिकटून टी सेल्स चेतवणारी अँटिबॉडी) घातलं असशील तर टी सेल्स स्वतःचा सीडी३ आत ओढून घेतात आणि फ्लोमध्ये निगेटिव्ह दिसतात, वर चांगल्या चेतवलेल्या टी सेल्सवर सीडी५६ सुद्धा येतो, म्हणजे ज्याला आपण एनके म्हणून बाजूला काढतोय त्या आपल्याच कामाच्या टी सेल्स असू शकतात. पेशींना भोकं पाडून आतला टीसीआर (टी सेलचा स्वतःचा रिसेप्टर) रंगव, म्हणजे कळेल; नुसत्या आतल्या सीडी३ वर जाऊ नकोस, तो चेतवलेल्या एनकेच्या आतही सापडतो.

खरं कंटॅमिनेशन असेल तर मीडिया गढूळ होतो, बहुतेकदा पिवळाही पडतो. मायकोप्लाझ्मा हे अतिसूक्ष्म जीवाणू मात्र साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, त्यांच्यासाठी पीसीआर (डीएनए शोधायची चाचणी) करून घेच.

तोवर वरच्या पेशी हळूच नव्या वेलमध्ये घे, तळाच्या सोडवून फ्रीझ कर. आणि ओकेटी३ घातलं होतंस का, कितव्या दिवशी, ते नक्की कळव.