एका मोठ्या गेमवर कन्सोल चालत नाही

तुमचा प्रश्न असा की, एक्स्क्लुझिव्ह गेम, म्हणजे एकाच कंपनीच्या कन्सोलवर चालणारा गेम, आला की चार दिवस त्या कन्सोलची (गेम खेळायच्या यंत्राची) विक्री उसळते आणि परत बसते, मग कंपन्या त्यावर एवढा पैसा का ओततात? निरीक्षण बरोबर आहे. पण एकेक गेम सुटा धरला की असंच दिसणार. माझ्या मते बघायचं ते दोन गेममधलं अंतर.

निन्टेन्डो या जपानी कंपनीचे वी यू आणि त्यानंतरचा स्विच हे दोन कन्सोल शेजारी ठेवा. वी यू नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, सोबत नवा मारिओ गेमही होता. त्यानंतर मात्र दुष्काळ. पिक्मिन ३ रखडत रखडत २०१३ च्या जुलैत उगवला. युबीसॉफ्ट या दुसऱ्या कंपनीचा रेमन लेजंड्स फेब्रुवारीत फक्त वी यूवर येणार होता. तो ऐन वेळी सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलून सगळ्याच कन्सोलवर काढला. परिणाम? एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत अख्ख्या जगात मिळून १ लाख ६० हजार वी यू गेले. २०१४ च्या मे महिन्यात मारिओ कार्ट ८ आला आणि तीच तिमाही ५ लाख १० हजारांवर पोचली. तिपटीहून जास्त! तरीही कन्सोल वाचला नाही, सगळा हिशोब साधारण १ कोटी ३५ लाखांवर आटोपला. आणि गंमत म्हणजे हाच मारिओ कार्ट ८, थोडी भर घालून, स्विचवर सहा कोटींच्या पुढे विकला गेला.

म्हणजे गेममध्ये खोट नव्हती. त्याच्या आगेमागे काही नव्हतं.

आता स्विचचं पहिलं वर्ष, २०१७. मार्चमध्ये कन्सोलबरोबरच झेल्डा, एप्रिलअखेर मारिओ कार्ट, जुलैत स्प्लॅटून २, ऑक्टोबरअखेर मारिओ ओडिसी, डिसेंबरात झेनोब्लेड २. एकाची हवा ओसरायच्या आत दुसरा हजर. शिवाय प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. झेल्डासाठी रांग लावणारा आणि घरी पोराबाळांसोबत कार्ट खेळणारा एकच नसतो. २०२० च्या मार्चमध्ये अॅनिमल क्रॉसिंग आला तेव्हा तर कधी कन्सोलला हात न लावलेली माणसंही स्विच शोधत होती. लॉकडाऊनचा हात त्यात मोठा होता, हे मान्य. पण माल तयार नसता तर लॉकडाऊनचा उपयोग काय?

हे जमलं कसं, तर त्याआधी हातात धरून खेळायचा थ्रीडीएस आणि टीव्हीला जोडायचा वी यू अशा दोन चुलींना एकच सरपण पुरवावं लागत होतं. २०१५ मध्ये निन्टेन्डोने गेम बनवणारे आपले दोन मोठे विभाग एकत्र केले, आणि स्विच हातातलाही आणि टीव्हीचाही निघाल्यावर सगळे गेम हळूहळू एकाच ठिकाणी यायला लागले.

दुसरं, निन्टेन्डो आपल्या गेमची किंमत सहसा पाडत नाही. त्यामुळे ‘थांबू, स्वस्त होईल’ हा विचारच ग्राहक करत नाही, आणि पाच वर्षं जुना गेमही नव्या गिऱ्हाइकाला कन्सोल घ्यायला लावतो. गेम आपल्याच कन्सोलपुरता ठेवण्यात सोनीचं उलट झालं. गॉड ऑफ वॉर २०१८ मध्ये सोनीच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) कन्सोलवर आला आणि २०२२ मध्ये पीसीवर गेला. गेमची कमाई वाढते, पण ज्याच्याकडे पीसी आहे तो कन्सोल कशाला घेईल? मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलबद्दल तर बोलायलाच नको. त्यांचा फोर्झा होरायझन ५ सुद्धा आता सोनीच्या पीएस५ वर मिळतो.

स्विचनंतरचा नवा कन्सोल, स्विच २, टिकेल का, हेही तुम्ही विचारलंय. जून २०२५ मध्ये तो मारिओ कार्ट वर्ल्ड घेऊन आला, जुलैत डाँकी काँग बनान्झा. सुरुवात झकास. पण वर्षअखेरचे पोकेमॉन लेजंड्स झी-ए आणि मेट्रॉइड प्राइम ४ जुन्या स्विचवरही चालतात, म्हणजे जुना कन्सोल असलेल्याला घाई नाही. फक्त स्विच २ वर चालणारे गेम किती महिन्यांच्या अंतराने येतात, तेवढंच मोजत राहा.