बोटीने बेटावर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सकाळी बोटीने निघून, वाटाड्यासोबत एखादे निसर्गरम्य बेट पाहून, संध्याकाळी परतायचे अशा सहलींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही घरातील पाच जण प्रथमच अशा सहलीला जाणार आहोत. सोबत ७२ वर्षांची आई असून तिचे गुडघे दुखतात, आणि मुलगा सात वर्षांचा आहे. सगळ्या सहल आयोजकांची माहितीपत्रके सारखीच दिसतात. निवड कशी करावी?

उत्तर : माहितीपत्रके सारखी दिसतात, कारण त्यांत छायाचित्रे बेटाची असतात आणि बेट सगळ्यांचे एकच असते. फरक असतो तो बोटीत, ती चालवणाऱ्या तांडेलात आणि सोबत येणाऱ्या वाटाड्यात. म्हणून चौकशी बेटाविषयी कमी आणि बोटीविषयी अधिक करावी. माझ्या मते पहिला प्रश्न एकच विचारावा : समुद्र खवळलेला असेल तर आपण काय करता? ‘आमची फेरी आजवर कधीच रद्द झालेली नाही’ असे जो अभिमानाने सांगतो, त्याच्याकडे आपल्या आईला आणि मुलाला घेऊन जाऊ नये. वारा किती वाढला की आम्ही निघत नाही, हा निर्णय सकाळी किती वाजता होतो आणि तो कोण घेतो, हे जो न अडखळता सांगतो, त्याच्याकडे पैसे भरावेत. अंदाज यावा म्हणून सांगते : वाऱ्याचा वेग ताशी २० ते २८ किलोमीटरच्या आसपास असतो, तेव्हा उघड्या समुद्रावर साधारण एक मीटर उंचीच्या लाटा उठतात आणि पाण्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागतो. ताशी ३० ते ३८ किलोमीटर वाऱ्यात त्याच लाटा दोन मीटरपर्यंत जातात. मोठ्या बोटीला याचे फारसे काही वाटत नाही, पण लहान उघड्या बोटीतील प्रवाशांचे तेव्हा हाल होतात.

आपल्या आईसाठी खरी अडचण प्रवासाची नसून चढण्या-उतरण्याची आहे. बेटावर पक्का धक्का आहे का, की गुडघाभर पाण्यात उतरून किनारा गाठावा लागतो, की मध्येच मोठ्या बोटीतून लहान होडीत उतरावे लागते, हे स्पष्ट विचारून घ्यावे. उतरल्यावर किती चालायचे आणि किती पायऱ्या चढायच्या, हेही विचारावे. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर असलेले स्केलिग मायकल हे बेट १९९६ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. तेथील जुन्या मठापर्यंत पोहोचायला सहाशेहून अधिक उंचसखल दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. अशा बेटावर ज्याचे गुडघे दुखतात त्याने बोटीतूनच प्रदक्षिणा घालणारी फेरी निवडलेली बरी, आणि अशी फेरी पुष्कळ ठिकाणी उपलब्ध असते. त्यात कमीपणा काही नाही. कित्येक बेटांचे कडे आणि पक्ष्यांची वसतिस्थाने पाण्यातूनच अधिक चांगली दिसतात.

धक्क्यावर पाऊल टाकण्याची एक पद्धत आहे, ती घरातील सर्वांना आधीच सांगून ठेवावी. बोट लाटेबरोबर वर येते, क्षणभर थांबते आणि खाली जाते. ती वर येऊन थांबते त्या क्षणी पाऊल टाकायचे, खाली जात असताना कधीही नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी आधीच दुसऱ्याकडे दिलेली असावी. खलाशाचा पंजा धरू नये, त्याचे मनगट धरावे आणि त्याला आपले मनगट धरू द्यावे, कारण ओले पंजे सुटतात आणि मनगटाला मनगट अडकलेले सुटत नाही. खलाशी ‘थांबा’ म्हणाला तर उचललेले पाऊलही मागे घ्यावे.

बोटीत आईला मध्यभागी किंवा मागच्या बाजूला बसवावे. वेगाने जाणारी बोट लाटेवरून आपटते तेव्हा सर्वांत मोठा धक्का पुढच्या टोकाला बसतो. वेगवान रबरी बोटींत पुढे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्यांना त्यामुळे गंभीर दुखापती झाल्या आहेत. पाठीचे किंवा हाडे ठिसूळ होण्याचे दुखणे असेल तर वेगवान बोट टाळून संथ आणि जड बोट घ्यावी, मग तासभर जास्त लागला तरी चालेल.

मुलाचे लाइफ जॅकेट त्याच्याच मापाचे आणि वजनाचे हवे, आणि तसे ते बोटीवर आहे की नाही याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्यावी. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळल्यावर खांद्यांजवळ धरून ते वर ओढून पाहावे. मुलाची हनुवटी किंवा कान जॅकेटच्या गळ्यात शिरत असतील तर ते मोठे आहे, आणि मूल पाण्यात पडल्यास जॅकेट वर तरंगेल व मूल त्यातून खाली निसटेल. दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असलेले जॅकेट लहान मुलांसाठी सर्वांत चांगले. हे सगळे धक्क्यावरच उरकावे. हेलकावणाऱ्या बोटीत पट्टे शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नये.

प्रश्न : गेल्या महिन्यात आमची बोट बेटापर्यंत पोहोचली आणि न उतरवताच परतली. आकाश स्वच्छ होते, वाराही नव्हता. ‘लाटा आहेत’ एवढेच सांगण्यात आले आणि पैसे अर्धेच परत मिळाले. ही फसवणूक नव्हे काय?

उत्तर : आपली निराशा मी समजू शकते, कारण ती माझ्याही वाट्याला आली आहे. पण वारा नसतानाही लाटा असू शकतात, हे आधी सांगायला हवे. शेकडो मैलांवरील वादळात उठलेल्या लाटा समुद्र ओलांडून येतात. उघड्या पाण्यात त्या इतक्या लांब आणि संथ असतात की बोटीत बसलेल्याला त्यांची फारशी जाणीवही होत नाही. खडकाळ किनाऱ्याशी किंवा धक्क्याशी मात्र त्याच लाटा पाणी कित्येक फूट वर उचलतात आणि खाली सोडतात.

मी ज्या बोटीत होते ती धक्क्यापासून जेमतेम दहा हातांवर थांबली होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर हिरव्या शेवाळाचा एक पट्टा होता. एका क्षणी तो माझ्या गुडघ्यांच्या खाली होता आणि पुढच्या क्षणी डोक्याच्या वर. तांडेलाने इंजिन हळू चालू ठेवून तीन लाटा येऊ दिल्या, प्रत्येक वेळी त्या पट्ट्याकडे पाहिले, आणि काही न बोलता सुकाणू फिरवले. बोटीत चाळीस माणसे होती आणि चाळीसही जणांनी नाराजी व्यक्त केली. त्या पायऱ्यांवर एकेकाने उतरायचे होते आणि काही तासांनी पुन्हा चढायचे होते. तोवर पाणी आणखी वाढले असते तर आम्हाला बेटावरून बाहेर काढणे अवघड झाले असते. हा विचार परतीच्या वाटेवर वाटाड्याने समजावून सांगितला तेव्हा पटला. आपल्या बोटीवर तो कोणी सांगितला नाही, ही चूक निश्चितच झाली आणि तशी तक्रार आपण जरूर करावी.

अशा जागा जगभर आहेत. इटलीतील काप्री बेटावरची निळी गुहा प्रसिद्ध आहे, पण तिचे तोंड पाण्यापासून साधारण एक मीटरच उंच आहे. प्रवासी लहान होडीत पाठीवर आडवे होतात आणि नावाडी साखळी ओढून होडी आत घेतो. समुद्र थोडा वाढला की गुहा बंद होते. तिच्या दाराशी येऊन परतलेल्यांची संख्याही मोठी असते.

पैशांविषयी : बोट निघालीच नाही, निघाली पण उतरवू शकली नाही, आणि अर्ध्या वाटेतून परतली, या तीन प्रसंगी किती रक्कम परत मिळेल, हे नोंदणी करण्यापूर्वी लेखी विचारावे. उतरता न आल्यास काही रक्कम कापणे हे मला अन्याय्य वाटत नाही, कारण इंधन आणि श्रम खर्च झालेलेच असतात. आधी सांगितले नसेल तर मात्र ते अन्याय्य आहे. शक्य असल्यास मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांतच सहल ठरवावी, म्हणजे ती रद्द झाली तरी पुन्हा जाण्यासाठी दिवस शिल्लक राहतो.

प्रश्न : मला बोट लागते. तरीही जाण्याची फार इच्छा आहे. काही उपाय आहे काय?

उत्तर : आहे, आणि त्यातील बराचसा उपाय निघण्यापूर्वीच करायचा असतो. शरीराचा तोल सांभाळणारा आतला कान मेंदूला सांगतो की आपण हलत आहोत, आणि बोटीतील बाकाकडे किंवा हातातील मोबाइलकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावे, बंदिस्त खोलीत न बसता मोकळ्या हवेत, बोटीच्या मध्यभागी आणि शक्य तितके खालच्या पातळीवर बसावे, आणि नजर क्षितिजावर ठेवावी. पोट अगदी रिकामे नको आणि तडस लागेपर्यंत भरलेलेही नको. डिझेलच्या धुराचा वास ज्या बाजूला येतो ती बाजू सोडावी.

गोळी घेणार असाल तर ती निघण्याच्या साधारण अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उपयोगी पडत नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर त्यांतील काही चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सकाळची पहिली फेरी निवडणे हा उपायही मोठा आहे. उन्हाळी दिवसांत जमीन तापली की दुपारकडे समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होते. सकाळी ते बहुतेक वेळा शांत असते. परतीची वेळ दुपारची असेल, तर गोळीचा असर तोवर टिकेल का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवावे.

प्रश्न : वाटाड्या खरोखर आवश्यक असतो का? आम्हाला बेटावर स्वतःच हिंडायला आवडेल.

उत्तर : काही बेटांवर हा प्रश्नच उद्भवत नाही. गालापागोस राष्ट्रीय उद्यानातील बहुतांश ठिकाणी अधिकृत वाटाड्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही आणि प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवावे लागते. असे नियम का लागतात, हे थायलंडमधील माया बे येथे दिसून आले. तेथे दिवसाला पाच हजारांपर्यंत पर्यटक जात. बोटींच्या नांगरांनी आणि गर्दीने प्रवाळाची इतकी हानी झाली की जून २०१८ मध्ये तो किनारा बंद करावा लागला. तो जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा उघडला, तेव्हा बोटींना पुढच्या बाजूने उपसागरात येण्यास मनाई होती. त्यांना बेटाच्या मागच्या बाजूने लागावे लागते.

जेथे सक्ती नाही तेथेही मी वाटाड्या घ्यावा असेच म्हणेन. पक्ष्याची अंडी वाळूत उघड्यावर असतात आणि ती खड्यांसारखी दिसतात. ज्याला ठाऊक आहे तोच आपले पाऊल वेळेवर थांबवू शकतो. मात्र सगळा वेळ त्याच्यामागे रांगेने चालावे लागणार असेल तर मन विटते, म्हणून बेटावरील एकूण वेळेपैकी मोकळा वेळ किती मिळतो, हे आधी विचारून घ्यावे.

प्रश्न : सोबत काय घ्यावे? आणि बोट चुकली तर काय करायचे, ही धास्तीही वाटते.

उत्तर : पाणी भरपूर घ्यावे, कारण लहान बेटांवर ते मिळेलच असे नाही. कान झाकणारी आणि दोरीने बांधता येणारी टोपी, वारा अडवणारे पातळ जाकीट, पाण्यात चालतील असे घट्ट चप्पल-बूट, रोजची औषधे आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी एवढे पुरेसे आहे. पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन टोपीच्या खालून चेहऱ्यावर येते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे उत्तम. सनस्क्रीन घेताना त्यातील घटक वाचावेत. पलाऊ या द्वीपराष्ट्राने जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक मानलेले घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, आणि हवाईमध्ये जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन विकता येत नाहीत.

बोट चुकण्याची धास्ती योग्य आहे, कारण येथे वेळ ठरवणारे पाणी असते. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास लागतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते. ओहोटीला धक्क्याशी पुरेसे पाणी राहत नसेल तर तांडेल दहा मिनिटेही थांबू शकत नाही. उतरताना परतीची वेळ त्याच्याच तोंडून ऐकावी, आपले घड्याळ त्याच्या घड्याळाशी जुळवावे, आणि पाऊण तास आधी धक्क्याच्या दिशेने चालू लागावे. बेटावर मोबाइलला रेंज नसेल असेच गृहीत धरावे. परतताना खलाशी माणसे मोजतो की नाही, याकडे लक्ष ठेवावे, आणि तो मोजत नसेल तर त्याला तसे स्पष्ट सांगावे. आपल्या शेजारच्या बाकावर सकाळी कोण बसले होते हे आठवून, ते आले आहेत का हेही पाहावे.