गुगलवर सलूनचं रेटिंग 2.8 आहे, लिस्टिंग काढून टाकू की ठेवू?

ठेवा. आणि काढून टाकणं तुम्हाला वाटतं तेवढं तुमच्या हातात नसतंच. लिस्टिंग, म्हणजे दुकानाचं गुगल प्रोफाइल, अकाउंटमधून काढलंत तरी नकाशावर दुकान आणि त्याखालचे रिव्ह्यू राहू शकतात, फक्त उत्तर द्यायची सोय तुमची जाते. रिव्ह्यू बंद करायचं बटण गुगल मालकाला देतच नाही.

हे मला कळलं आमच्या भावजींच्या कृपेने. तारकर्लीच्या अलीकडे आमचं होमस्टे आहे, चार खोल्या, स्वयंपाक मी आणि सासूबाई बघतो. सुरुवातीला रेटिंग तीनच्या खाली. एक साहेब जुलैत आले आणि एक स्टार देऊन लिहून गेले, "ताजी सुरमई नाही, मग मालवणात यायचं कशाला?" अहो, जून-जुलै मासेमारीला बंदी असते, बुकिंगच्या फोनवरच सांगितलेलं, तरी. आणखी एकीने लिहिलं की स्विमिंग पूल घाण आहे. आमच्याकडे विहीर आहे.

भावजी पुण्यात आयटीत. गणपतीला आले की मोबाईल काढून बसतात. "वहिनी, हे बघून कोण येणार, जुनं बंद करू, नवीन काढू, फ्रेश स्टार्ट." मी नको म्हणत होते, पण घरात माझं मत फक्त जेवणाच्या बाबतीत विचारतात. तर यांनी पुण्यात बसून जुन्याला 'कायमचे बंद' लावलं आणि त्याच पत्त्यावर, त्याच फोन नंबरवर दुसरं काढलं. ते डुप्लिकेट म्हणून अडकलं, आणि जुन्यावर लाल अक्षरात कायमचे बंद, तेही ऐन नाताळच्या तोंडावर, ज्या आठवड्यात आमचा निम्मा सीझन होतो. बुकिंग केलेली माणसं फोनवर फोन, ताई धंदा बंद केलात का, आमच्या अॅडव्हान्सचं काय. रिव्ह्यू? एकही हलला नाही. सुरमई पण तिथेच.

ते परत चालू करून घेतलं आणि मग मी बसले. पूलवाल्या रिव्ह्यूला रिपोर्ट मारला, तो गेला काही दिवसांनी. नुसता वाईट आहे म्हणून रिव्ह्यू काढत नाहीत हं, गुगलचा नियम मोडणारा असेल तरच, म्हणजे बनावट, दुसऱ्याच जागेचा, शिवीगाळीचा वगैरे. सुरमईवाल्यांना उत्तर लिहिलं, "जून-जुलैत समुद्रावर बंदी असते हे आधी कळवलं होतं. आपण काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या पुन्हापुन्हा मागून घेतल्या होत्या, आठवत असेल." त्यांनी स्टार काही वाढवले नाहीत, पण नाशिकच्या एका कुटुंबाने ते उत्तर वाचून हसत हसत फोन केला आणि बुकिंग केलं. लोक आकडा बघतात, पण खाली उतरून मालक कसा बोलतो तेही बघतात, हे भावजींना आजही पटत नाही.

आता हिशोब करा. साधी सरासरी धरली तर 20 रिव्ह्यूंवर 2.8 असेल आणि नवीन 10 जणांनी पाच-पाच स्टार दिले तर 3.5 च्या वर जातं, 20 जणांनी दिले तर 3.9. म्हणजे खूश झालेल्या गिऱ्हाईकाला निघताना सरळ सांगायचं, दोन ओळी लिहा म्हणून. डिस्काउंट देऊन मात्र मागू नका, ते गुगलच्या नियमात बसत नाही, आणि भाच्या-पुतण्यांकडून लिहून घेतलेलं दोन मिनिटांत ओळखू येतं.

हां, आणि सगळे जण एकच तक्रार करत असतील, समजा अपॉइंटमेंट देऊन तासभर बसवता, तर आधी ते बघा, लिस्टिंगला दोष देऊ नका. दुकान आधी दुसऱ्याचं, दुसऱ्या नावाने होतं आणि रिव्ह्यू त्याच्या काळातले आहेत, तर गोष्ट वेगळी, तिथे नवीन काढण्यात अर्थ आहे. झोमॅटोसारख्या अॅपवरचं पण वेगळं, तिथून हॉटेलवाल्याला बाहेर पडता येतं, कमिशन परवडत नसेल तर पडावं.

आणि प्रोफाइलची मुख्य मालकी स्वतःच्या जीमेलवर ठेवा, पुण्यातल्या दिराच्या नाही. आमची अजून त्यांच्याकडेच आहे, मी नुसती मॅनेजर. भावजी, वाचत असाल तर सेटिंगमध्ये मालकी ट्रान्सफर करायचा पर्याय आहे, दोन मिनिटांचं काम आहे.