पुण्यात 98 ला उकळणाऱ्या पाण्याला जर्नलमध्ये 100 का करायचं?

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. शाळेत पाण्याचा उत्कलनांक काढायचं प्रॅक्टिकल होतं, तिच्या ग्रुपला तीन रीडिंग मिळाली 98, 98 आणि 98.5. जर्नल तपासताना सांगण्यात आलं की 100 यायला हवं, खोडून नीट लिही. तिनं लिहिलं, पण घरी येऊन रडली. थर्मामीटर खराब होता की हिचं काही चुकलं?
– एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, मुलीचं काहीही चुकलेलं नाही आणि थर्मामीटरही बहुतेक ठणठणीत असणार. पाणी 100 अंशांना उकळतं हे खरंय, पण ते समुद्रसपाटीच्या दाबाला, म्हणजे साधारण 1013 हेक्टोपास्कलला. आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, इथे हवेचा दाब 950 च्या आसपास असतो आणि दाब कमी झाला की पाणी लवकर उकळायला लागतं, ढोबळ हिशोब असा की दर 300 मीटर चढलं की साधारण एक अंश कमी. म्हणजे पुण्यात उत्तर 98 च्या आसपासच यायला हवं! हाच प्रयोग सिंहगडावर केला तर 95-96 येईल, मुंबईत केला तर 100. तुमच्या मुलीच्या बीकरनं पुण्याची उंची बरोबर सांगितली होती आणि ती खोडरबरानं पुसायला लावली, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

आता अचूकतेचं बघू, कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. तीनही रीडिंग एकमेकांच्या जवळ आली याचा अर्थ तिचा हात स्थिर आहे, डोळा पाऱ्याच्या रेषेत होता, दर वेळी तिनं एकाच पद्धतीनं वाचलं. हा झाला काटेकोरपणा. पण रीडिंग जुळली म्हणून ती खऱ्या किमतीजवळ आहेतच असं नाही, थर्मामीटरच दोन अंश कमी दाखवत असेल तर शंभर वेळा मोजलं तरी शंभरही वेळा तेवढंच कमी येणार. हे तपासायची सोपी युक्ती आहे: बर्फाचा चुरा करा, त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, थर्मामीटर बुडवून पारा थांबेपर्यंत थांबा. 0 दाखवला तर निदान त्या टोकाला थर्मामीटर बरोबर आहे, कारण बर्फ वितळण्याचं तापमान उत्कलनांकासारखं पुण्याच्या उंचीनं बदलत नाही. 0 ऐवजी 2 दाखवला तर ती शून्य त्रुटी, मग सगळ्याच रीडिंगमधून साधारण 2 वजा करावे लागतील. अजून एक, थर्मामीटरचा पारा असलेला फुगा बीकरच्या तळाला टेकवायचा नाही, खालून बर्नर लागलेला असतो आणि काच पाण्यापेक्षा जास्त तापलेली असते.

आणि सरासरी काढताना कॅल्क्युलेटर 98.1666 दाखवेल, ते सगळं उतरवायचं नाही. शाळेच्या थर्मामीटरचं लघुतम माप, म्हणजे त्यावरचा सगळ्यात लहान भाग, बहुतेक वेळा 1 अंश असतं, अर्धा अंश नजरेनं अंदाजानं वाचता येतो, त्याच्या पुढचे आकडे कुणी मोजलेलेच नसतात. 98 लिहावं आणि शेजारी अर्धा अंश कमीजास्त असं म्हणावं.

मुलीला सांगा की जर्नलमध्ये निरीक्षणाच्या रकान्यात जे दिसलं तेच लिहायचं, पुस्तकातली किंमत वेगळ्या ओळीत लिहायची आणि फरक का आला ते खाली. मॅडमना भेटायला जाल तेव्हा भांडायला जाऊ नका, पुण्याची उंची आणि दाबाचा आकडा घेऊन जा. माझा अनुभव असा आहे की बहुतेक शिक्षकांना हे समजावलं की आनंदच होतो, तपासताना घाई असते म्हणून 100 बघायची सवय लागलेली असते.

प्रश्न: मी अकरावीत आहे. 1 मीटर लांबीचा लोलक घेऊन g (गुरुत्व त्वरण) काढला. पुन्हा पुन्हा केलं तरी 20 दोलनांना 38.2 सेकंदच येतात आणि g येतो 10.8. रीडिंग इतकी जुळतात तर चूक आहे कुठे?
– विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर: तू मोजायला सुरुवात कशी करतोस बघ. लोलक सोडताना स्टॉपवॉच दाबून तोंडानं 'एक' म्हणत असशील तर 'वीस' म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं झालेली असतात. 1 मीटरच्या लोलकाला एका दोलनाला साधारण 2 सेकंद लागतात, 20 ला 40.2 यायला हवेत, तुझे नेमके दोनच कमी आहेत. ही चूक दर वेळी त्याच दिशेला होते, म्हणून सरासरीनं ती जात नाही. बटण दाबायला होणारा 0.2 सेकंदांचा उशीर मात्र वेगळा, तो कधी जास्त कधी कमी होतो आणि 20 दोलनांवर वाटला की एका दोलनाला 0.01 सेकंदच उरतो, म्हणून तर एकाऐवजी वीस मोजायची. लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरायला विसरला असतास तर g उलट कमी आला असता, म्हणजे तो संशय इथे नाही. गोळा सोडताना 'शून्य' म्हण आणि परत मोज, 9.8 च्या आसपास आलं तर कळव.