वाळूत पहिल्यांदा जाताना

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेतलीस आणि थेट जैसलमेरच्या ताफ्यात नाव दिलंस, झकास! पण आपल्या सोलापूरच्या काळ्या रानातल्या चिखलाचा अनुभव तिथं फारसा कामाला येत नाही.

सगळ्यात आधी टायरची हवा. हायवेवर ३२-३३ पीएसआय ठेवतोस ती वाळू लागली की १८ पर्यंत उतरव. टायर लांबट पसरतो, भार विभागला जातो. नवी माणसं घाबरून २५ वर थांबतात. मीही थांबलो होतो आणि पहिल्याच टेकडीवर गाडी पोटावर बसली! कमी हवेत झटक्यात वळू नकोस, टायर रिमवरून सुटतो. डांबर लागलं की पुन्हा हवा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच.

रुतलास की अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोड. चाक नुसतं फिरवलंस तर गाडी स्वतःच खड्डा खणते. उतर, फावड्यानं चाकांभोवतीची वाळू काढ आणि आल्या चाकोरीनंच मागे घे.

आणखी काही:
- टेकडी सरळ चढ, सरळ उतर. आडवी घातलेली गाडी कलंडते.
- थांबायचं तर तोंड उताराकडे करून, ब्रेक न दाबता.
- पुढचा वॉकीटॉकीवर ‘पार झालो’ म्हणेपर्यंत चढू नकोस. आरशात मागची गाडी दिसेना झाली तर थांब.
- ओढायचा पट्टा टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच अडकवायचा नाही. तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो.

पाणी माणशी रोज पाच लिटर तरी घे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरा जास्तच बांध, ताफ्यातले सगळे मागतात. विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र), डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगानं फिरवणारी सोय) वगैरे पुढच्या वर्षी बघू.